जुन्या रोड सायकलला नवे पार्ट: आधी आटे मोजा

मंडळी, विषय आहे जुन्या रोड सायकलला नवे पार्ट निवडण्याचा. पण ग्रुपसेट (गिअर, ब्रेक, क्रँकचा संच) कुठला, हा प्रश्न शेवटी येतो. आधी फ्रेम, आणि फ्रेममध्ये आधी बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे क्रँकचा अ‍ॅक्सल फिरतो त्या बेअरिंगच्या जागेचे आटे. इथे मी रेंगाळणार आहे, कारण चांगल्या फ्रेमची माती इथेच होते.

इंग्लिश आटे म्हणजे 1.37 इंच व्यास, इंचाला 24 आटे. चेनच्या बाजूचा कप (बेअरिंगची आटे असलेली वाटी) उलट्या आट्यांचा असतो. पेडल मारताना बेअरिंगच्या भारामुळे कप क्रँकच्या विरुद्ध दिशेने सरकू पाहतो, म्हणून तिथे उलटे आटे लागतात. इटालियन शेल (कप बसतात ती फ्रेमची नळी) 36 मिलिमीटरचं, 70 रुंद, दोन्ही बाजूंना सुलटे आटे. म्हणूनच त्याचा उजवा कप सैल होत राहतो, तो चांगलाच आवळावा लागतो. खरा फसवा आहे फ्रेंच. 35 मिलिमीटर, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1 मिलिमीटर, दोन्हीकडे सुलटे. इंग्लिश कप भरतो 34.8. डावीकडे तो वेढा-दोन वेढे छान जातो, मग अडतो, आणि माणूस पान्याला लांब पाइप लावतो. संपलं! पिच वेगळा असल्याने आटे चावले जातात. कप हाताने निम्म्याहून जास्त गेला नाही तर थांबा, मोजा. शेलचे इंग्लिश आटे गेलेच असतील तर इटालियन मापाला नवे आटे पाडता येतात, किंवा आतून फुगून घट्ट बसणारं आटे नसलेलं कार्ट्रिज (बेअरिंगचा तयार संच) घ्यायचं.

वेळ थोडाच उरलाय, आता भराभर. मागच्या ड्रॉपआउटमधली (चाकाचा अ‍ॅक्सल बसतो त्या खाचांमधली) रुंदी बघा: पाच गिअरला 120, सहा-सातला 126, आठ ते अकराला 130 मिलिमीटर. 126 ची 130 करायची तर प्रत्येक बाजू दोन-दोन मिलिमीटर वाकवायची, तीही फक्त स्टीलची. हेड ट्यूबवरून (फ्रेमच्या पुढच्या नळीवरून) दोरा ताणून दोन्ही बाजू तपासा. ड्रॉपआउट समांतर करून घ्या, नाहीतर अ‍ॅक्सल वाकतो. डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ज्यावर लटकतो तो हँगरही सरळ करा, नाहीतर डिरेलर स्पोकमध्ये जातो.

जुन्या 27 इंची रिमचा व्यास 630 मिलिमीटर, आजच्या 700सी चा 622. म्हणजे 700सी चाक लावलं तर ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली हवेत. बोल्टपासून रिमच्या कडेपर्यंत मोजून मगच 39-49 किंवा 47-57 मिलिमीटर पोहोचीचे कॅलिपर (रिमला दाबणारे ब्रेकचे चिमटे) निवडा. नव्या कॅलिपरचा नट आत बसतो, त्यासाठी फोर्कचं फक्त मागचं भोक 8 मिलिमीटर करावं लागतं. लिव्हर आणि कॅलिपर एकाच पिढीचे घ्या, दोघांचं केबल ओढण्याचं प्रमाण जुळलं पाहिजे.

हँडलसाठी असा अडॅप्टर घ्या, ज्याचा क्विल (फोर्कच्या नळीत जाणारा दांडा) 22.2 मिलिमीटरचा आणि वरचं टोक 28.6 चं; त्यावर नवा स्टेम (हँडल धरणारा भाग). फ्रेंच फोर्कची नळी मात्र आतून 22.0 ची असू शकते. तिथे ठोकाठोकी नको.

आणि गिअर? ब्रेक-लिव्हरमधले शिफ्टर हवे असतील तर डाउनट्यूबच्या (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीच्या) बॉसवर, म्हणजे जुना लिव्हर बसायचा त्या उंचवट्यावर, केबल-स्टॉप (केबलचं आवरण अडवणारा तुकडा) लावा. अकरा गिअरच्या हबवर दहा गिअरची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) चढवताना मागे 1.85 मिलिमीटरचा स्पेसर घाला. माझी पसंती मात्र डाउनट्यूबवरच्या फ्रिक्शन लिव्हरला (ज्याला ठरावीक टप्पे नसतात): कॅसेट कितीही गिअरची असो, चेन तेवढी त्याच मापाची घ्या, लिव्हर बदलायची गरज पडत नाही.