फलक लागल्यावर

नमस्कार श्रोतेहो.

कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, कर्वेनगर. पुण्यातल्या यांपैकी कुठल्याही भागात आतल्या गल्लीत शिरलात की हल्ली थोड्या थोड्या अंतरावर उंच पत्रे लावलेले दिसतात. पत्र्यांच्या आत कालपर्यंत तीन मजली जुनी सोसायटी होती, आज खड्डा आहे. बाहेर रंगीत फलक: तळमजल्यावर दुकानं, पहिल्या मजल्यावर ऑफिसं, त्यावर आठ-दहा मजले सदनिका. मुंबईच्या मानाने ही इमारत काहीच नाही. पण ज्या गल्लीत आजवरची सगळ्यात उंच गोष्ट नारळाचं झाड होतं, तिथे ती फार मोठी असते.

आज मला बोलायचंय ते या फलकासमोर येऊन थांबणाऱ्या माणसांबद्दल. पुनर्विकास करणाऱ्या सोसायटीबद्दल पुष्कळ बोललं जातं, बिल्डरबद्दल त्याहून जास्त. शेजारच्या बंगल्यातले काका, समोरच्या इमारतीतल्या काकू, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला यांना मात्र कुणी विचारत नाही. त्यांना सांगायचं मात्र बरंच असतं.

सगळ्यात आधी येतं ऊन. "आमच्या बाल्कनीत सकाळी नऊपर्यंत ऊन असतं, ते जाणार." मग पाणी: "आत्ताच एक वेळ येतं, आणखी चाळीस घरं आल्यावर काय?" मग पार्किंग, आणि इथे आवाज चढतो. त्यानंतर थोड्या हळू आवाजात, इकडेतिकडे बघत, "खाली दुकानं म्हणजे कसली दुकानं? आणि कोण कोण येणार राहायला?" हा शेवटचा प्रश्न मला नेहमी अर्धा खरा आणि अर्धा लबाड वाटत आलाय. दुकान कसलं, हे विचारायलाच हवं. राहायला कोण येणार, याचा शेजाऱ्यांशी काहीही संबंध नाही.

दुकानांवरच्या आक्षेपाची मला गंमत वाटते. लक्ष्मी रस्त्यावर, रविवार पेठेत, तुळशीबागेच्या आसपास खाली पेढी आणि वर बिऱ्हाड ही रीतच होती. आज कोथरूडमध्ये "रहिवासी भागात दुकानं नकोत" म्हणून सह्या गोळा करणाऱ्या कितीतरी आजोबांचं लहानपण सराफाच्या नाहीतर कापडाच्या दुकानाच्या डोक्यावर गेलं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांतले वाडे गेले, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत शहर पसरत गेलं. सहकारी सोसायट्या झाल्या, प्रत्येकीला कुंपण आलं, कुंपणाच्या आत शांतता आली. ती शांतता कष्टानं मिळवलेली आहे, म्हणून तिच्यावर घाला आला की माणसं चिडतात. हे मी समजू शकतो. पण वाण्याकडे जायलासुद्धा स्कूटर काढावी लागते अशी जी गल्ली आपण केली, ती काही फार शहाणपणाची नव्हती, असंही माझं मत आहे.

आता मुद्द्याकडे येतो. या सगळ्या तक्रारी घेऊन माणूस महापालिकेत जातो तेव्हा काय होतं? बहुतेक वेळा काहीच नाही, आणि त्यामागे दरवेळी भ्रष्टाचारच असतो असं समजू नका. आपल्या कायद्यात एखाद्या खासगी इमारतीला परवानगी देण्याआधी शेजाऱ्यांना बोलावून त्यांचं ऐकून घेण्याची सोयच नाही. आराखडा नियमात बसतो का, एवढंच तपासायचं. बसला की परवानगी. लंडनमध्ये किंवा अमेरिकेतल्या शहरांत शेजारी सुनावणीला जाऊन आपलं म्हणणं मांडतात, ते चांगलं की वाईट यावर तिथेही भांडणं आहेतच. आपल्याकडे तो प्रसंग येतच नाही.

मग आपलं म्हणणं मांडायची वेळ कुठली? ती आधीच येऊन गेलेली असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराचा विकास आराखडा तयार होतो तेव्हा त्याचं प्रारूप प्रसिद्ध करून नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, त्यांवर सुनावणी घ्यावी लागते. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा मार्च २०१३मध्ये असा प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती आल्या होत्या. पुढे शासनाने ते काम महापालिकेच्या हातून काढून समितीकडे दिलं आणि जानेवारी २०१७मध्ये मंजुरी दिली. मुंबईत तर २०१५च्या फेब्रुवारीत आलेला आराखडा लोकांच्या ओरडीमुळे एप्रिलमध्ये मागे घ्यावा लागला. म्हणजे आवाजाला किंमत असते. फक्त तो कागदावरच्या रंगीत पट्ट्यांबद्दल, आपल्या गल्लीत काय होऊ शकतं याची कल्पना करून, काही वर्षं आधी काढावा लागतो. आणि एवढी कल्पनाशक्ती घरगुती माणसाकडे असावी ही अपेक्षाच जरा जास्त आहे.

त्याहून मोठी गोष्ट घडली डिसेंबर २०२०मध्ये. मुंबई आणि काही थोडे भाग सोडून राज्यभर एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, रस्त्याच्या रुंदीला बांधलेला आहे. हिशेब थोडा कंटाळवाणा आहे, पण ऐका, कारण तुमच्या बाल्कनीतलं ऊन त्यात आहे. पुण्यासारख्या शहरात मूळ एफएसआय १.१०. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तेवढाच. रस्ता नऊ मीटरचा झाला की पैसे भरून ०.५० आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क विकत घेऊन ०.४०, असे मिळून २. यावर घरांसाठी ६० टक्क्यांपर्यंत आणखी वाढीव क्षेत्र मिळतं, दुकानं आणि ऑफिसांसाठी ८० टक्क्यांपर्यंत. आता हजार चौरस मीटरचा प्लॉट घ्या. अरुंद गल्लीत त्यावर घरांचं साधारण १७६० चौरस मीटर बांधकाम बसतं, नऊ मीटरच्या रस्त्यावर ३२००. जवळजवळ दुप्पट. आणि तळाशी दुकानं का आली, तेही या टक्क्यांवरून थोडंफार कळतं. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या आत असाल तर वेगळेच नियम. तिथे मोठा प्लॉट आणि रुंद रस्ता असेल तर एफएसआय ४पर्यंत जाऊ शकतो. वनाज ते गरवारे कॉलेज ही मेट्रो मार्च २०२२मध्ये धावू लागली. कर्वे रस्ता आणि पौड रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हे ५०० मीटर नकाशावर आखून पाहा म्हणजे समजेल.

आता आठवा २०२०चाच दुसरा प्रकार. सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव महापालिकेत आला होता. बातमी रस्तारुंदीची होती. लोकांनी त्यात आपल्या कुंपणाची भिंत किती आत जाणार हे शोधलं, काहींनी झाडं किती जाणार हे विचारलं. या तीन मीटरमुळे शेजारच्या प्लॉटवरचं बांधकाम जवळजवळ दुप्पट होऊ शकतं, हे ज्यांनी ओळखलं त्यांनी खरी हरकत घेतली. माझ्या मते शेजाऱ्यांच्या लढाईची जागा हीच होती आणि आहे: नियमावली, रस्त्याची रेषा, आराखडा. फलकाच्या वेळी ती लढाई संपलेली असते.

मधल्या उंचीच्या इमारतीची आणखी एक अडचण आहे. वीस हजार चौरस मीटरच्या पुढचं बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. या इमारती त्याच्या कितीतरी खाली असतात. एकटी इमारत कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही. पण एका गल्लीत अशा सहा झाल्या की ड्रेनेजची तीच जुनी वाहिनी, पाण्याचा तोच पाइप, आणि सकाळी साडेनऊला मुख्य रस्त्याला लागण्यासाठी तेच एक वळण. सहाही इमारती एकेकट्या नियमात असतात. सहांची बेरीज कुठल्याच टेबलावर होत नाही. शेजारी जेव्हा "पाण्याचं काय?" म्हणतो तेव्हा तो नकळत ही बेरीज मागत असतो, आणि त्याला उत्तर मिळतं एकाच इमारतीचं.

कायद्यात एक दार मात्र शेजाऱ्याला उघडं आहे, आणि ते म्हणजे झाडाचं. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली झाड तोडायच्या अर्जाची जाहीर सूचना द्यावी लागते, झाडावर नोटीस चिकटवावी लागते आणि नागरिकांना सात दिवसांत हरकत घेता येते. त्यामुळे होतं असं, की ज्यांचा राग पार्किंगवर असतो, सावलीवर असतो, बिल्डरच्या उर्मटपणावर असतो, ते सगळे गुलमोहरासाठी अर्ज लिहितात. त्यातल्या बऱ्याच जणांनी याच गुलमोहराचा पाला अंगणात पडतो म्हणून आधी कुरकुर केलेली असते! मी त्यांना हसत नाही. जिथे दार उघडं असेल तिथूनच माणूस आत शिरणार.

उन्हाचं काय, असं कोणी विचारेल. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं अखंड मिळालेल्या उजेड-वाऱ्याचा हक्क मान्य आहे. पण त्यासाठी दिवाणी न्यायालयात जाऊन नुकसान ठळक आहे हे सिद्ध करावं लागतं. नियमावलीत बाजूची मोकळी जागा इमारतीच्या उंचीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी सोडायची असते. म्हणजे तीस मीटर उंचीला सहा मीटर. सहा मीटरवरून समोरच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. नियम पाळलेला असतो आणि तुमचं ऊनही गेलेलं असतं.

एवढं ऐकून मी विरोधकांच्या बाजूचा आहे असं वाटेल. थांबा. त्याच गल्लीतली दुसरी माणसंही ऐका. ज्या जुन्या इमारतीत लिफ्ट नाही, तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गुडघ्यांमुळे महिनोन्‌महिने खाली उतरत नाहीत. गच्ची गळते, कॉलमचा गिलावा पडून सळया दिसतात. दुरुस्तीला पैसे नाहीत, कारण सभासद पेन्शनवर आहेत. त्यांना हा फलक म्हणजे सुटका वाटते. इस्त्रीवाल्याच्या हिशेबात चाळीस नवी घरं म्हणजे चाळीस गाठोडी. पोळ्या करणाऱ्या मावशींना एकाच इमारतीत चार कामं मिळाली तर बसचं भाडं वाचतं. किराणा दुकानदार मात्र साशंक असतो. खाली एखादं चकचकीत सुपरमार्केट आलं तर आपलं गिऱ्हाईक तिकडे वळेल, ही त्याची भीती खोटी नाही. या लोकांच्या प्रतिक्रिया सह्यांच्या कागदावर येत नाहीत. सह्यांचा कागद संध्याकाळी सातला क्लबहाउसमध्ये फिरतो, आणि त्या वेळी ही माणसं कामावर असतात.

शिवाय विरोध करणाऱ्या सोसायटीच्याच फाइलमध्ये अनेकदा तिच्या स्वतःच्या पुनर्विकासाचं कोटेशन पडलेलं असतं. २०१९च्या शासन निर्णयानुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्के तयार झाले की ते काम पुढे सरकतं. दोन वर्षांनी त्यांचाही पत्रा लागतो. मग समोरच्या इमारतीतले लोक येऊन त्यांना तेच प्रश्न विचारतात, आणि हे लोक तीच उत्तरं देतात जी त्यांना कधी पटली नव्हती.

मग शेजाऱ्यानं करावं काय? इमारत होणारच असेल तर तिचा तळमजला आणि तिचं कुंपण, एवढ्यावर तरी आपलं म्हणणं मांडता येतं, आणि तेही खोदाईच्या आधी. पाचशे चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटवरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा विक्रीचा प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदवावा लागतो. तिथे मंजूर नकाशे आणि पूर्ण करायची तारीख कोणालाही पाहता येते. ते नकाशे उघडा. पार्किंगचा रॅम्प तुमच्या फाटकासमोर उतरतो का? ट्रान्सफॉर्मर कुठल्या भिंतीला आहे? कचऱ्याची खोली कुणाच्या स्वयंपाकघराखाली येते? खाली हॉटेल येणार असेल तर त्याची धुराडी वर गच्चीपर्यंत नेली आहे की मधल्याच मजल्यावर सोडली आहे? एसीची बाहेरची यंत्रं कुठल्या बाजूला? टेम्पो माल उतरवणार कुठे? आर्किटेक्टला या गोष्टी लेखी विचारल्या तर त्यांतल्या निम्म्या बदलता येतात, कारण त्या बदलायला एफएसआय लागत नाही. दारूचं दुकान येईल अशी भीती असेल तर त्यासाठी वेगळे नियम आहेत, मतदानाचेसुद्धा. आडवी बाटली-उभी बाटली तुम्ही ऐकलीच असेल.

कामाच्या काळातल्या त्रासाला नियम आहेत. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. रात्री अकराला काँक्रीटचा पंप सुरू झाला तर तुम्ही पोलिसांना फोन करू शकता, आणि करावा.

आणि एक काम बेसमेंटची खोदाई सुरू होण्याआधीच करा. आपल्या कुंपणाच्या भिंतीचे, जिन्याचे, टाकीचे, बाथरूमच्या कोपऱ्यांचे तारखेसह फोटो काढा. त्याच्या दोन प्रती छापून एक बिल्डरकडे पोच घेऊन द्या, एक सोसायटीच्या दप्तरात ठेवा. भिंतीला तडा गेल्यावर "हा आधीपासूनच होता" हे वाक्य ठरलेलं असतं, आणि त्या वेळी बोलायला तुमच्या हातात कागद हवा.

नमस्कार.