ट्रेमध्ये न दिसलेल्या अळ्या

पाण्याची बाटली प्रयोगशाळेत दिली की अहवाल येतो तो बाटली भरली त्या घटकेचा. रात्री कुणी ओढ्यात सांडपाणी सोडलं आणि सकाळपर्यंत ते वाहून गेलं, तर दुपारच्या बाटलीला त्याचा पत्ताही नसतो. दगडाखालच्या अळीला मात्र ती रात्र काढावीच लागते. स्टोनफ्लाय या कीटकाच्या काही जातींची पिल्लं पाण्यात वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त राहतात. त्यामुळे कोण शिल्लक आहे आणि कोण नाहीसं झालंय, यावरून मागच्या कित्येक महिन्यांचा अंदाज बांधता येतो. कल्पना जुनी आहे. जर्मनीत कोल्क्विट्झ आणि मार्सन यांनी पाण्यातल्या सूचक प्राण्यांवरचं काम १९०९ मध्ये प्रसिद्ध केलं होतं.

तुम्ही बहुतेक जण महाविद्यालयात शिकवता, म्हणून अशा किड्यांवरून ओढ्याचं पाणी तपासायला मुलांना कसं शिकवायचं, तिकडे थेट येतो. आपण पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात चित्रांचा तक्ता देतो आणि नावं पाठ करून घेतो. मला हा क्रम पटत नाही. ओळखताना चूक झाली तर अळी अल्कोहोलमध्ये जपलेली असते, पुन्हा काढून बघता येते. नमुना चुकीचा घेतला असेल तर तो कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

म्हणून आधी जाळी. जाळीची भोकं साधारण ५०० मायक्रॉनची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची. उथळ, खळखळत्या, दगडगोट्यांच्या जागी जाळीचं तोंड प्रवाहाकडे करून ती तळाला टेकवायची आणि तिच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, उभं राहून पायानं तळ ढवळायचा. काम खालून सुरू करून वर सरकायचं, नाहीतर आपणच गढूळ केलेल्या पाण्यातून पुढचा नमुना येतो. किती वेळ ढवळायचं किंवा किती जागा ढवळायची, हे आधी ठरवायचं आणि मग त्याला हात लावायचा नाही. मुलं इथे हमखास घसरतात. चार चांगले किडे दिसले की हुरूप येतो, आणि त्या जागी पाय जरा जास्तच चालतो. मग दोन ओढ्यांची तुलना कशी करणार?

यापेक्षा मोठी गडबड ट्रेमध्ये होते. पांढऱ्या ट्रेत नमुना ओतला की डोळा हलणाऱ्या, मोठ्या, रंगीत किड्यांकडे जातो. चतुराचं पिल्लू सगळ्यांना सापडतं. काडीकचऱ्याचं घर करून गप्प पडलेली कॅडिसफ्लाय या कीटकाची अळी कचऱ्याबरोबर फेकली जाते, आणि केसाएवढ्या बारीक अळ्या तर दिसतच नाहीत. म्हणजे आकडेवारीत ओढ्याऐवजी मुलांची आवड उमटते. उपाय कंटाळवाणा आहे. ट्रेवर चौकोन आखायचे, चिठ्ठी काढून चौकोन निवडायचा आणि त्यातला प्रत्येक जीव वेचायचा, अगदी शेवटचा. ठरवलेली संख्या, समजा २०० किंवा ३००, गाठेपर्यंत पुढचे चौकोन घ्यायचे. पण सुरू केलेला चौकोन अर्धवट सोडायचा नाही.

ओळख नंतर, आणि तीही शरीरावरून. स्टोनफ्लायच्या पिल्लाला दोन शेपट्या आणि प्रत्येक पायाला दोन नख्या. मेफ्लाय या दुसऱ्या कीटकाच्या पिल्लाला बहुधा तीन शेपट्या, पायाला एकच नखी, आणि पोटाच्या कडेनं कल्ले. कॅडिसफ्लायच्या अळीच्या मागच्या टोकाला दोन आकडे असतात. शेपट्या हाताळताना तुटतात, म्हणून माझा भरवसा नख्यांवर जास्त.

‘मेफ्लाय दिसली, म्हणजे पाणी स्वच्छ’ हे वाक्य मुलांच्या तोंडून मी फार ऐकतो. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या बीएमडब्ल्यूपी (बायोलॉजिकल मॉनिटरिंग वर्किंग पार्टी) गुणपद्धतीत कुळांना १ ते १० गुण असतात. प्रदूषणाला जितकं नाजूक कुळ, तितके गुण जास्त. तिच्या मूळ तक्त्यात चपट्या अंगाच्या हेप्टाजेनिडी कुळाला १० गुण, आणि बारीक माशासारखं सुळकन पोहणाऱ्या बेटिडी कुळाला फक्त ४. दोन्ही मेफ्लायच! याउलट लाल कायरोनोमिड अळीच्या (डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माशीच्या अळीच्या) अंगात हिमोग्लोबिन असतं, ऑक्सिजन कमी असला तरी तिचं भागतं. म्हणून तिच्या कुळाला २ गुण. पण ती चांगल्या ओढ्यातही असते. ती सापडली यावरून काहीच ठरत नाही. तिच्याशिवाय फारसं कोणी सापडलं नाही, तर विचार करायचा.

शिवाय असे गुण ज्या प्रदेशासाठी बसवले तिथेच ते नीट लागू पडतात. दुसरीकडे वापरायचे तर त्याच भागातला, कमीत कमी बिघडलेला ओढा तुलनेला हवा. नोंदवहीत तळ कसा आहे, काठावर झाडी आहे का, नुकताच पूर येऊन गेला का, हेही हवं. पुरात किडे वाहून जातात, आणि प्रौढ होऊन उडून गेल्यावरही त्यांची संख्या घटते. यातल्या कशासाठीच प्रदूषण लागत नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. वेचून झालेला कचरा फेकू नका. तो दुसऱ्या गटाला द्या आणि राहिलेले जीव मोजायला सांगा. आधी वेचलेले आणि नंतर सापडलेले मिळून जी बेरीज होईल, तिच्या निदान ९० टक्के जीव पहिल्याच गटानं वेचलेले असावेत. कमी भरले तर त्या गटानं तोच ट्रे पुन्हा वेचायचा, आणि तोवर निष्कर्षाचा रकाना कोरा ठेवायचा.