आयुधांच्या रांगेत उभी सायकल

नमस्कार श्रोतेहो. नवरात्र तोंडावर आलंय. एकदा घट बसले की मधले दिवस कसे जातात कळत नाही आणि खंडेनवमी दारात येऊन उभी राहते. घरातली विळी, खुरपं, कोयता, शिलाई मशीन सगळं पुसून पाटावर येईल. आणि अंगणात झेंडूची माळ घालून सायकल उभी राहील. आज बोलायचंय ते त्या सायकलबद्दल. शाळेच्या नव्हे, हौसेच्या नव्हे, रोज कामावर न्यायच्या सायकलबद्दल.

मला विषय दिलाय 'सायकलची निगा'. निगा शेवटी सांगतो. आधी सायकल बघूया.

बेळगावात बसून सायकलबद्दल बोलायचं तर किर्लोस्करांचं नाव घ्यावंच लागतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ साली त्यांनी आणि त्यांच्या भावानं बेळगावात सायकलचं दुकान काढलं. कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर हे सगळं नंतरचं. आधी सायकल. पुढं १९१० साली कारखाना कुंडलच्या माळावर गेला, त्याची किर्लोस्करवाडी झाली, आणि आपल्याकडे रस्त्याला नाव राहिलं. त्याच किर्लोस्कर रोडवर आता संध्याकाळी सायकल हातात धरून चालत न्यावी लागते. 'पाच मिनिटांत येतो' म्हणून रस्त्याच्या मधोमध मोटार लावून कापडं घ्यायला जाणाऱ्या मंडळींवर एक वेगळं भाषण द्यायची माझी तयारी आहे. रेडिओ केंद्रावर अजून कुणी मागितलेलं नाही.

तर कामाची सायकल. आपल्या भागात ती काळीच असायची. ॲटलस, हीरो, हर्क्युलिस, नाहीतर रॅले. २८ इंची चाक, सळईचे ब्रेक, मागं कॅरिअर, खाली भक्कम स्टँड. पुढच्या चक्रीला सर्रास ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडल एकदा फिरलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. गिअर एवढाच. खानापूरकडून वारा समोर आला तरी तोच आणि चढ लागला तरी तोच. ॲटलसचा कारखाना १९५१ साली सोनीपतला सुरू झाला, हीरो सायकल १९५६ साली लुधियान्यात. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो २०२० सालच्या ३ जूनला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. तारीख कुणी निवडली असेल देव जाणे.

आता गंमत बघा. कारखान्याच्या शेडमध्ये अशा काळ्या सायकली रांगेनं लागल्या की आपली कुठली हे ओळखायचं कसं? म्हणून प्रत्येकजण आपल्या सायकलला काहीतरी करायचा. तुम्ही पाहिलेलं आहे हे. घंटीला लोकरीचा गोंडा. चाकाच्या तारांत रंगीत मणी. हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, नायलॉनच्या केसांचं कडं, फिरता फिरता हब आपोआप पुसणारं. मागच्या मडफ्लॅपवर 'आई', नाहीतर गावच्या देवीचं नाव. वडगाव-खासबागचे विणकर हॅण्डलला मागावरचा उरलेला रेशमी दोरा गुंडाळायचे, इतका घट्ट आणि इतका सारखा की बोटाला सांधा लागू नये. एक वडगावचा विणकर तर दर दिवाळीला रंग बदलायचा. त्याच्या हॅण्डलवरून कळायचं की यंदा मागावर कुठल्या रंगाच्या साड्या चालल्यात.

हल्ली रविवारी सकाळी राजहंसगडाच्या वाटेवर हेल्मेट घातलेली तरुण मंडळी भेटतात. सायकली एका बोटानं उचलाव्या इतक्या हलक्या. मुलं चांगली आहेत, थांबतात, बोलतात. किंमत विचारली तर आनंदानं सांगतात आणि आपल्याला घाम फुटतो. माझी तक्रार एकच. त्या सायकलींना स्टँड नसतो. भिंत नसेल तर मालकालाच स्टँड होऊन उभं राहावं लागतं. असो. पण कामावरचा माणूस सायकल दाखवताना किंमत सांगत नाही. तो म्हणतो, 'हे मी बसवलोय.' लक्षात ठेवा, श्रोतेहो, 'हे मी बसवलोय.' पुढच्या गोष्टीत हे लागणार आहे.

उद्यमबागेत, आपल्या बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका फौंड्रीच्या गेटाला लागून टाइम ऑफिस होतं, तिथं मी बसायचो. खिडकीतून समोर सायकल शेड. मोल्डिंगला येळ्ळूरचे एक आप्पा होते. वयानं वडील, म्हणून सगळेच आप्पा म्हणायचे. सायकल त्यांच्या वडिलांची. आणि ती वाजायची. अशी वाजायची की आप्पा अनगोळच्या बाजूनं वळले की मी हजेरीचं पेन उघडायचो. मडगार्डची खडखड, चेनकव्हरला घासणारं पायडल, आणि त्या सगळ्यावर एक बारीक टिणटिण.

फिटर देसूरचा. वयानं तरुण, हात सोन्याचा. मोटरवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावायचा आणि बेअरिंग कुठल्या बाजूला गेलंय ते सांगायचा. त्याच्या सायकलचा आवाज म्हणजे निव्वळ टायरचा. दुसरा आवाज आला की त्याला जेवण जायचं नाही.

आषाढातली रात्र. सेकंड शिफ्ट सुटली आणि वीज गेली. वर धो-धो पाऊस. शेडमध्ये डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. गोंडे, मणी, दोरे, ओळखीच्या सगळ्या खुणा काळोखात गडप. आप्पांनी चाचपडत एक सायकल धरली, चावी लावली, कुलूप उघडलं. ते निघाले. कुलूप फिटरचं होतं. आप्पांची चावी घासून घासून अशी झाली होती की निम्म्या शेडला चालली असती. मागून फिटर आला. बघतो तर एकच सायकल उरलेली, आणि तिचं कुलूप नावापुरतं. काय करणार? तीच घेऊन देसूर गाठलं.

आता येळ्ळूरचं ऐका. वाटेत टोपीवर पाऊस वाजत होता, त्यामुळं आप्पांना काही कळलं नाही. गावात पोचेपर्यंत पाऊस उघडला. चांगळेश्वरीच्या देवळाकडचं वळण आलं की घरी सायकल ऐकू जायची. मग आप्पांच्या मंडळी उठून तवा ठेवायच्या. आप्पा दारात येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली. हा रोजचा नेम. त्या रात्री आप्पा दारात, आणि घर झोपलेलं. कडी वाजवली. आतून आवाज, "कोण हाय?"

"अगं मी."

"मग सायकल का वाजली न्हाई?"

दार उघडायच्या आधी म्हणे त्यांनी आप्पांना धाकट्या नणंदेच्या सासरचं नाव विचारून घेतलं.

इकडं देसूरला फिटरला झोप येईना. अंगणात ती वाजणारी सायकल. रात्रीच कंदील लावून बसला. पायडल सरळ केलं, चेनला तेल दिलं, मडगार्डखाली जुन्या ट्यूबचं पॅकिंग मारलं, सीटखालचं काय लोंबत होतं ते सोडवून टाकलं. सकाळी फर्स्ट शिफ्टच्या आधीच गेटावर हजर. सायकल कशी? टायरचा आवाज, बस्स. आप्पा आले, सायकल घेतली, चार पावलं ढकलली आणि थांबले. परत चार पावलं.

फिटर म्हणाला, "रात्रभर बसून केलोय आप्पा. पैसे नकोत."

आप्पा म्हणाले, "माझी सायकल मुकी केलास की रे!"

मी खिडकीत होतो. फिटरचं तोंड मला अजून दिसतं.

पण पोरगा प्रामाणिक. म्हणाला, आवाज परत बसवून देतो. आणि तिथं त्याची खरी परीक्षा. आवाज काढणं त्याला रोजचं, घालायचा कसा? पॅकिंग काढलं. मडगार्डचा नट सैल केला. खडखड आली. आप्पा रात्री घरी गेले, तवा गार. दुसऱ्या दिवशी पायडल पुन्हा वाकवलं. घासायला लागलं. तवा गारच. आप्पा येऊन निरोप द्यायचे, "मंडळी म्हणतात, ही आपली न्हवं." चहाच्या सुट्टीत निम्मी फौंड्री त्या सायकलभोवती. कोण म्हणतं, मडगार्डला ठोका द्या. कोण म्हणतं, वायसर घाला. पॅटर्नवाले मामा म्हणजे साच्यासाठी लाकडी नमुने करणारे. त्यांनी तर सागाची एक चकतीसुद्धा करून दिली. श्रावण गेला, गणपती गेले, आप्पा रात्री गार भाकरी खातायत.

खंडेनवमी आली. तुम्हाला ठाऊक आहे, त्या दिवशी प्रत्येक कामगाराची हत्यारांची पेटी रिकामी होते. सगळी हत्यारं धुऊन, पुसून, कुंकू लावून मांडायची. शेडबाहेर सायकली ओळीनं, प्रत्येकीला माळ, आणि मालक जवळ उभा: हे मी बसवलोय, हे मी केलोय. गेटावर कोहळा फोडायची तयारी. फिटरनं पेटी पालथी केली. पाने, पक्कड, कानस, आणि तळातून टिण्ण करून एक गोल पत्रा फरशीवर पडला.

आप्पा वीस पावलांवर उभे होते. तिथूनच ओरडले, "ती माझी हाय!"

बिल्ला होता तो. सायकलीच्या कराचा. पूर्वी नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या आणि पत्र्याचा नाहीतर पितळेचा बिल्ला द्यायच्या, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आप्पांच्या वडिलांचा बिल्ला, सीटखाली तारेनं लोंबणारा, स्प्रिंगवर आपटणारा. ती बारीक टिणटिण याची. फिटरनं त्या रात्री भंगार समजून काढला आणि पेटीत टाकला. खडखड आणायला सगळी फौंड्री लागली होती, आणि आप्पांच्या घरी कान लागलेला होता तो टिणटिणीला.

फिटरनं तिथंच बसून बिल्ला घासला. कुंकू लावलं, हत्यारांच्या ओळीत ठेवला. पूजा झाल्यावर नव्या तारेनं सीटखाली बांधला. आप्पांनी माळेसकट सायकल काढली आणि आवारात एक फेरी मारली, मुद्दाम भट्टीजवळच्या खडबडीत जागेवरून. पॅटर्नवाले मामा मान डोलावून म्हणाले, "आता वाजली."

दसऱ्यानंतर आप्पा कामावर आले तेव्हा मी हजेरी लावता लावता विचारलं, काय झालं? सही करून म्हणाले, "तवा तापलेला होता."

काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवतायत, म्हणजे दोन मिनिटं राहिली. निगा सांगतो, पटकन. चेन रॉकेलनं, नाहीतर डिझेलनं पुसा, कोरडी होऊ द्या, मग तेल. थेंबभर. तेल चेनला, रिमला नाही. पुन्हा सांगतो, रिमला तेल नको. सळईचे ब्रेक रिमलाच धरतात, तिथं तेल लागलं तर पहिल्या उताराला कळेल. पाण्याचा पाइप हबवर मारू नका, आतलं ग्रीस धुऊन जातं आणि बेअरिंगच्या गोळ्या गंजतात. फडका ओला करून पुसा. हळद-कुंकू हॅण्डलला लावा, सीटला लावा, ब्रेकच्या रबराला लावू नका. माळ बांधताना दोरा तारांत लोंबता ठेवू नका. दसऱ्याला त्याच सायकलवर सोनं वाटायला निघणार तुम्ही, माळ काढायची राहते आणि चाकात अडकते.

आणि तेल घालायच्या आधी घरात एकदा विचारून घ्या, कुठला आवाज ठेवायचा. नमस्कार.