केसांची गोळी लपवून खाऊ नका

नमस्कार मंडळी. मी फार्मासिस्ट, नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या आतल्या बाजूला आमचं मेडिकल आहे, आणि आज मला बोलायचंय केस गळण्यावरच्या औषधांबद्दल. तेल-शाम्पूबद्दल नाही, जी खरोखर औषधं आहेत त्यांच्याबद्दल.

संध्याकाळी साडेसातला दुकानात गर्दी असते, बीपीच्या गोळ्या, बाळाचे डायपर, कुणाचं इन्सुलिन, आणि त्या गर्दीत एखादा पंचविशीतला मुलगा कडेला उभा असतो, गळ्यात कंपनीचं आयकार्ड, डोक्यावर टोपी. काकू लोक गेले की तो पुढे येतो, काउंटरवर मोबाईल सरकवतो, त्यात स्क्रीनशॉट असतो, आणि अगदी हळू आवाजात विचारतो, ताई, हे आहे का? बघितलं की फिनास्टेराइड एक मिलिग्रॅम. चिठ्ठी आहे का म्हटलं की उत्तर ठरलेलं, मित्र घेतो, त्याला फरक पडला. घरी माहितीये का विचारलं की मान खाली.

असे अंबड-सातपूरला कामाला जाणारे येतात, कॉलेजची मुलं येतात, लग्नाचं बघणं चालू असलेले तर खूप. त्यांचा त्रास खोटा नाहीये हो. बायोडाटावर फोटो लागतो, मुलीकडचे पहिलं डोकंच बघतात, मित्र टकल्या म्हणून हाक मारतात, आणि आपण बाकीचे म्हणतो काय एवढं केसांचं. एवढं असतं. पण म्हणून गोळी चोरून सुरू करायची, त्रास झाला की तोही चोरूनच सोसायचा, हे चाललंय ना, त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं.

आता ही औषधं आहेत तरी काय ते सांगते. मिनॉक्सिडिल, जे लोशन किंवा फोम म्हणून मिळतं, ती मुळात ब्लड प्रेशरची गोळी. अमेरिकेत १९७९ मध्ये ती बीपीसाठी मंजूर झाली, आणि गोळी खाणाऱ्या पेशंटच्या कपाळावर, गालावर, हातावर केस यायला लागले. मग तेच औषध पातळ करून डोक्याला लावून बघितलं आणि १९८८ मध्ये ते टक्कल पडण्यावर मंजूर झालं. म्हणजे साइड इफेक्टमधूनच हे औषध आलंय. आणि फिनास्टेराइड ही प्रोस्टेटची गोळी, १९९२ मध्ये पाच मिलिग्रॅमची आली ती वयस्कर पुरुषांना लघवीचा त्रास होतो त्यासाठी, पुढे १९९७ मध्ये एक मिलिग्रॅमची केसांसाठी. आपल्या अंगात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन बनतं, ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांच्या कपाळावरच्या आणि टाळूवरच्या केसांची मुळं या डीएचटीने बारीक बारीक होत जातात, गोळी ते डीएचटी बनणं अडवते, रक्तातलं साधारण सत्तर टक्के कमी करते. आता विचार करा, हार्मोन काय फक्त डोक्यात फिरत नाही, सगळ्या अंगात फिरतं. म्हणून ही गोळी व्हिटॅमिनसारखी मित्राच्या पाकिटातून घेऊन खायची नाही.

काम करतात का? करतात, बऱ्याच जणांना करतात, हेही स्पष्ट सांगते, उगाच घाबरवायला मी बसलेली नाही. पण फरक दिसायला चार-सहा महिने जातात आणि थांबवलं की वर्षभराच्या आत मिळालेलं सगळं परत जातं. हे कोणी सांगत नाही, आणि मुलं तीन महिन्यांचा कोर्स असतो असं समजून येतात.

मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत केस उलट जास्त गळतात. इथे लोक घाबरून बाटली फेकून देतात. ऐकणाऱ्यांत निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार असतील तर त्यांना लगेच कळेल, एप्रिलमध्ये खरड छाटणी केली की बाग उघडी-बोडकी दिसते आणि नवीन काडी त्यानंतरच फुटते, तसंच आहे हे, जुना थकलेला केस पडतो आणि त्याच मुळातून नवीन निघतो. तर त्या गळतीला घाबरू नका. मात्र टाळूला आग होत असेल, खपल्या धरत असतील, तर ते बहुतेक वेळा लोशनमधल्या प्रॉपिलिन ग्लायकॉलमुळे असतं, डॉक्टर फोम देऊ शकतात. आणि छातीत धडधड, चक्कर, पाय सुजणं, अचानक वजन वाढणं असलं काही झालं तर लोशन थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. हल्ली मिनॉक्सिडिलची कमी डोसची गोळीपण डॉक्टर देतात, ती तर बीपीवरच काम करणारी गोळी, ज्यांना हार्टचा काही इतिहास आहे त्यांनी ती मनाने घ्यायचीच नाही.

आता फिनास्टेराइडचं, ज्याबद्दल मुलं माझ्याशी बोलतच नाहीत. इच्छा कमी होणं, ताठरता न येणं, वीर्य कमी येणं, हे शब्द मी रेडिओवर मुद्दाम उच्चारतेय, कारण उच्चारले नाहीत तर कोणी विचारणार नाही. औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये असा काही ना काही त्रास झालेले पुरुष होते ३.८ टक्के, आणि ज्यांना नुसती औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी दिली त्यांच्यात २.१ टक्के. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही, थोड्यांना होतं. यात मनाचापण भाग आहे, इटलीत २००७ मध्ये एक अभ्यास झाला होता प्रोस्टेटच्या पेशंटवर पाच मिलिग्रॅमच्या गोळीचा, त्यात ज्यांना आधी सांगितलं होतं की असा त्रास होऊ शकतो त्यांच्यात ४३.६ टक्के लोकांनी तक्रार केली आणि ज्यांना सांगितलं नव्हतं त्यांच्यात १५.३ टक्के. आता कोणी म्हणेल मग सांगताय कशाला. मला वाटतं सांगायलाच पाहिजे, स्वतःच्या अंगात काय जातंय हे कळण्याचा हक्क माणसाला आहे, आणि तो त्रास मनातून आलेला असला तरी त्रासच असतो. बहुतेकांचा त्रास गोळी बंद केल्यावर जातो. पण काही जणांचा गोळी सोडल्यावरही राहिला, आणि अमेरिकेच्या औषध खात्याने, म्हणजे एफडीएने, २०१२ मध्ये ते लेबलवर लिहायला लावलं.

आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मन उदास होणं, कशातच रस न वाटणं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटणं. २०२२ मध्ये अमेरिकेत आत्महत्येच्या विचारांचा उल्लेख लेबलवर आला, आणि २०२५ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने तपासणी करून आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडच्या गोळीचा साइड इफेक्ट असल्याचं पक्कं केलं. किती जणांना होतो याचा नेमका आकडा नाही, म्हणूनच लक्ष ठेवायचं. गोळी सुरू केल्यावर मूड बदलला तर गोळी बंद आणि डॉक्टरला फोन, वाट बघायची नाही. आधीपासून डिप्रेशनचा त्रास असेल तर सुरू करायच्या आधीच डॉक्टरला सांगा. आणि असं वाटत असताना जवळ बोलायला कोणी नसेल तर १४४१६ लावा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. हे सगळं बघता घरच्या एका तरी माणसाला माहिती असणं का गरजेचं आहे ते लक्षात येईल, कारण आपला मूड बदललाय हे आपल्या आधी आईला नाहीतर बायकोला दिसतं.

घरचं निघालंच आहे तर बायकांसाठी सांगते. दिवस गेले असतील तर नवऱ्याची फिनास्टेराइडची तुटलेली किंवा कुटलेली गोळी हाताळायची नाही, पोटात मुलगा असेल तर त्याच्या लैंगिक अवयवांच्या वाढीत दोष राहू शकतो. अख्ख्या गोळीवर कोटिंग असतं म्हणून ती तशी चालते, पण माझं म्हणणं, हातच लावू नका. मी एकदा एकीला सहज विचारलं, या गोळ्या कोणाच्या, तर म्हणाली ह्यांच्या, पाच मिलिग्रॅमची स्वस्त पडते म्हणून मीच सुरीने चार तुकडे करून डबीत भरून ठेवते. तिला तिसरा महिना होता. ती गोळी कसली आहे हेच नवऱ्याने तिला सांगितलं नव्हतं, केसांचं टॉनिक आहे म्हणाला होता. त्या दिवशी मी तिला दुकानातच खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि तिच्या डॉक्टरबाईंना तिथूनच फोन लावायला लावला.

लहान बाळ असेल तर अजून एक. बाबा रात्री डोक्याला मिनॉक्सिडिल लावतात आणि बाळाला छातीवर घेऊन झोपवतात, बाळ त्यांच्या डोक्याला गाल घासतं. युरोपात अशा तान्ह्या बाळांच्या अंगावर जास्तीचे केस आल्याच्या केसेस नोंदल्या गेल्या आणि २०२४ मध्ये तसा इशारा दिला गेला. लावलं की हात साबणाने धुवा, लावलेली जागा बाळाला लागू देऊ नका, उशीचा अभ्रा वेगळा ठेवा. घरात मांजर असेल तर तिच्यासाठी हे औषध विषच, चाटलं तरी जीव जाऊ शकतो.

सध्या ऑनलाइन मिळतात ते स्प्रे, मिनॉक्सिडिलमध्येच फिनास्टेराइड घातलेले, आणि सांगतात काय तर वरून लावायचं, पोटात जात नाही, साइड इफेक्ट नाही. असं नाहीये. कातडीतून ते रक्तात उतरतं. एफडीएने एप्रिल २०२५ मध्ये तिकडे ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या, ऑर्डरप्रमाणे बनवून दिलेल्या अशाच फिनास्टेराइडच्या लावायच्या औषधांबद्दल इशारा दिला, त्यांच्याकडे ३२ तक्रारी आल्या होत्या, आणि त्यातल्या काहींना तर कोणी सांगितलंच नव्हतं की असं काही होऊ शकतं. बाटलीवर काय काय लिहिलंय ते पूर्ण वाचा, बारीक अक्षरातलं पण.

आणि मुळात, सगळ्यांनाच ही औषधं लागतात असं कुठे आहे. दिवसाला पन्नास ते शंभर केस पडणं नॉर्मल असतं. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू, चिकनगुनिया होतो ना, तो बरा होऊन दोन-तीन महिने झाले की कंगव्यात केसांचा झुपका यायला लागतो, बाळंतपणानंतर तसंच, टायफॉइड नंतर तसंच, जिम लावून एकदम जेवण तोडलं तरी तसंच. ही गळती बहुतेक वेळा सहा-आठ महिन्यांत आपली आपण थांबते. बायकांमध्ये लोह कमी असणं, थायरॉइड, पीसीओडी. रुपयाएवढा गोल चट्टा पडला तर ती चाई, तिचं औषध पूर्ण वेगळं. शेगाव तालुक्यातल्या गावांत जानेवारी २०२५ मध्ये लोकांचे केस काही दिवसांत गेले तेव्हा आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, टीम आली, पाणी, रक्त, धान्य तपासलं, म्हणजे आधी कारण शोधलं. तुमच्या एकट्याच्या डोक्यालाही तोच नियम लावा ना. स्किनच्या डॉक्टरला एकदा दाखवा, खाजगीत फी जास्त वाटत असेल तर त्र्यंबक रोडला सिव्हिलमध्ये त्वचेची ओपीडी आहे.

बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या चालतात का हे रोज विचारतात. आहारात कमतरता नसेल तर त्याने केस येत नाहीत, आणि थायरॉइडची, हार्टच्या ट्रोपोनिनची टेस्ट चुकीची येऊ शकते, रक्त द्यायच्या आधी लॅबवाल्याला सांगा. आणि हमखास केस उगवणारं तेल असं जो म्हणतो त्याच्यापासून लांब राहा, टक्कल बरं करतो असा दावा औषधावर करायला आपल्या औषध नियमांतच बंदी आहे, शेड्यूल जे म्हणून यादी आहे त्यात टक्कल आहे. पंजाबात संगरूरला मार्च २०२५ मध्ये अशाच एका शिबिरात तेल लावून घेतलेल्या साठच्या वर लोकांना डोळ्यांच्या त्रासाने दवाखाना गाठावा लागला. ट्रान्सप्लांटचं एवढंच सांगते की ते ऑपरेशन आहे, पार्लरचं काम नाही, करणारा डॉक्टर सर्जरी शिकलेला आहे का, पूर्ण वेळ तो स्वतः हजर असणार का, हे पैसे भरायच्या आधी विचारा. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये यावर नियमावली काढलेली आहे, त्यामुळे विचारायला संकोच नको.

फिनास्टेराइड चालू असेल तर रक्तदान करू नका, बंद केल्यावरही महिनाभर थांबा, ते रक्त गरोदर बाईला चढू शकतं. चाळिशीच्या पुढच्यांनी प्रोस्टेटची पीएसए टेस्ट करताना ही गोळी सांगायची, कारण तिने आकडा निम्म्यावर येतो आणि आजार असला तरी रिपोर्ट चांगला दिसतो.

आणि ज्यांना आधीच त्रास झालाय, सध्या होतोय, त्यांनी तो नोंदवा. हे पेशंट स्वतः करू शकतो, डॉक्टरच पाहिजे असं नाही. औषधांच्या दुष्परिणामांची सरकारी हेल्पलाइन आहे, टोल फ्री, नाव-गाव गुप्त ठेवतात. फोन करताना औषधाचं पाकीट हातात घेऊन बसा, त्यावरचा बॅच नंबर, कधी सुरू केलं, कधी त्रास सुरू झाला, सोबत दुसरी काय औषधं चालू आहेत, एवढं विचारतील. कागद-पेन घ्या, नंबर सांगते, १८००, १८०, ३०२४. पुन्हा एकदा, १८००, १८०, ३०२४. नमस्कार.