तीन जहाजांच्या जागी एक वाद्य

श्रोतेहो, नमस्कार.

पोर्ट ऑफ स्पेन हे नाव आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या जुन्या पिढीला चांगलेच ठाऊक आहे. मार्च १९७१ मध्ये तिथल्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर अजित वाडेकर यांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवले आणि सुनील गावसकर यांनी पदार्पणातच दोन्ही डावांत अर्धशतके केली. ज्या देशाची ती राजधानी आहे, त्या त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या राष्ट्रचिन्हाविषयी आज बोलायचे आहे, कारण त्या चिन्हात अलीकडेच झालेला एक बदल मला फार मोलाचा वाटतो.

हा देश ३१ ऑगस्ट १९६२ रोजी ब्रिटिश सत्तेतून स्वतंत्र झाला. त्याच वर्षी तयार झालेल्या राष्ट्रचिन्हात मधोमध एक ढाल आहे, ढालीवर दोन हमिंगबर्ड आहेत, आणि ती सावरून धरणारे दोन पक्षी दोन बेटांचे प्रतिनिधी आहेत: त्रिनिदादचा शेंदरी शराटी आणि टोबॅगोचा कॉक्रिको. कॉक्रिकोला हे नाव त्याच्या कर्कश ओरडण्यावरूनच मिळाले आहे. शराटीचे कुळ आपल्याकडे पाणथळ जागी दिसतेच, पण कारोनीच्या दलदलीतला हा शराटी नखशिखांत लाल असतो. संध्याकाळी खारफुटीतल्या अरुंद खाडीतून होडी पुढे सरकत असते, थवे रातथाऱ्याला येऊ लागतात आणि हिरवे शेंडे पाहता पाहता लाल होऊन जातात. हा रंग जन्माचा नव्हे. पिल्ले करड्या-तपकिरी रंगाची असतात; चिखलातले खेकडे आणि कोळंबीसारखे जीव खाता खाता, त्यांच्यातल्या रंगद्रव्यामुळे पिसे लाल होत जातात. दलदल राहिली तरच राष्ट्रचिन्हातला हा रंग राहणार आहे. शराटीची शिकार करणाऱ्यास मोठा दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद २०१८ साली झाली, ती योग्यच होय.

आता त्या बदलाविषयी. ढालीच्या खालच्या भागात तीन सोनेरी जहाजे होती. ती कोलंबसची. १४९८ मध्ये तो या बेटावर आला, पण बेटावर माणसे त्याच्या कितीतरी आधीपासून राहत होती. आफ्रिकेतून गुलाम म्हणून ज्यांना आणले त्यांची जहाजे ढालीवर नव्हती, आणि ३० मे १८४५ रोजी भारतातून पहिले गिरमिटिया मजूर घेऊन आलेले ‘फतेल रझाक’ही नव्हते.

जहाजांच्या जागी आता स्टीलपॅन हे वाद्य आले आहे. त्याचा जन्म श्रीमंतांच्या दिवाणखान्यात झालेला नाही. १८८० च्या दशकात ब्रिटिश सरकारने ढोल वाजवण्यावर बंधने आणली, तेव्हा आफ्रिकी वंशाच्या वस्त्यांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे आले आणि अखेरीस खनिज तेलाची रिकामी पिंपे हाती लागली. पिंपाचा सपाट तळ हातोड्याने ठोकून परातीसारखा खोलगट करायचा, त्यावर एकेका स्वराची जागा आखायची, मग पिंप कापून आगीवर तापवायचे आणि शेवटी पुन्हा ठोकून प्रत्येक स्वर जुळवायचा, असे हे काम आहे. हातोडीने तबला सुरात आणणारे हात ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना यामागची साधना वेगळी सांगायला नको. वाजवायच्या काठ्यांना टोकाशी रबर असते, म्हणून पोलादातून इतका मऊ नाद निघतो. १९५१ मध्ये या वादकांचा संघ लंडनच्या महोत्सवात वाजवून आला, आणि १९९२ मध्ये स्टीलपॅनला राष्ट्रीय वाद्याचा मान मिळाला.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान कीथ राउली यांनी जहाजे काढून टाकण्याची घोषणा केली आणि जानेवारी २०२५ मध्ये संसदेत तसा कायदा संमत झाला. दोन्ही पक्षी, ढालीवरचे हमिंगबर्ड आणि ‘एकत्र आकांक्षा धरू, एकत्र साध्य करू’ या अर्थाचे ब्रीदवाक्य जसेच्या तसे राहिले. ज्या वस्त्यांना एके काळी ढोल वाजवण्याचीही मुभा नव्हती, त्यांनी पिंपातून घडवलेले वाद्य आता देशाच्या ढालीवर आहे.