पोहोच मिळाली पाहिजे

मित्रहो,

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरात नांगरलेल्या एका नौकेवर काही वर्षांपूर्वी तिथल्या तांडेलांनी मला केबिनमधली एक लहानशी पेटी दाखवली होती. समुद्रात नौका संकटात सापडली की त्या पेटीवरचे बटण दाबायचे. मग संदेश उपग्रहामार्फत नियंत्रण केंद्रात जातो, नौका कोणाची आणि कुठे आहे हे तिथे उलगडते, आणि तटरक्षक दलाचे बचाव समन्वय केंद्र पुढच्या कामाला लागते. इस्रोने विकसित केलेले हे यंत्र २०१० पासून वापरात आहे. तांडेलांनी पेटीवर साचलेले मीठ अंगठ्याने पुसले आणि ते म्हणाले, “वकीलसाहेब, बटण आम्ही दाबू, पण पलीकडे कुणी ऐकलं की नाही, हे आम्हाला कळणार कसं?” पहिल्या पिढीच्या त्या यंत्रात उलट पोहोच येण्याची सोय नव्हती. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात ती झाली. संदेश मिळाल्याची खूण आता नौकेवर परत येते, आणि वादळाचा इशाराही त्याच वाटेने पाठवता येतो.

अंतराळातल्या खासगी उद्योगांवर सरकारची देखरेख कशी असावी आणि ती ठरवताना लोकांचे म्हणणे कसे ऐकले जावे, हा आजचा विषय आहे. मला जे म्हणायचे आहे ते त्या तांडेलांच्या प्रश्नात आहे.

१९६७ च्या बाह्य अंतराळ कराराच्या सहाव्या अनुच्छेदानुसार देशातल्या खासगी संस्थेने अंतराळात केलेल्या कृत्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्या देशावर येते, आणि अशा संस्थेला परवानगी देणे व तिच्यावर सतत देखरेख ठेवणे हे त्या देशाचे कर्तव्य ठरते. आपण या कराराने बांधलेले आहोत. २०२० मध्ये केंद्र सरकारने हे क्षेत्र खासगी उद्योगांना खुले केले आणि परवानगीसाठी इन-स्पेस ही संस्था स्थापन केली. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी स्कायरूट कंपनीचे विक्रम-एस आणि ३० मे २०२४ रोजी अग्निकुल कंपनीचे ‘अग्निबाण’ ही रॉकेटे श्रीहरिकोट्याहून उडाली. २०२३ मध्ये अंतराळ धोरण आले, २०२४ मध्ये परवानगीचे निकष आणि कार्यपद्धती आली, आणि परकीय गुंतवणुकीची मर्यादाही सैल झाली. या तरुण अभियंत्यांचा मला मनापासून अभिमान वाटतो. परंतु धोरण आणि निकष म्हणजे संसदेने केलेला कायदा नव्हे, आणि तो कायदा आजवर झालेला नाही.

त्याचा मसुदा मात्र एकदा लोकांसमोर आला होता. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये अंतराळ विभागाने विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध करून महिन्याभरात सूचना मागवल्या. नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे हंगाम भरात असतो, खलाशी आठवडा आठवडा समुद्रात असतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नौका झापांनी शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि माणसे घरी असतात. किनाऱ्यावरच्या लोकांचे म्हणणे खरोखर हवे असेल, तर ते मागायचे दिवस हे आहेत. २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणाने किमान तीस दिवस ठरवून दिले आहेत, पण ते तीस दिवस कोणते असावेत, याचाही विचार व्हायला हवा.

भाषेचा मुद्दाही जुनाच आहे. २०२० मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा इंग्रजी आणि हिंदीतच निघाला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला होता. माझ्या वकिलीच्या सुरुवातीला किनाऱ्यावरच्या एका प्रकल्पाची जनसुनावणी होती. अहवालाचा गोषवारा मराठीत होता, पण आपल्या रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, जागा नेमकी कुठे जाते हे ज्यावरून समजले असते, ते नकाशे आणि तक्ते इंग्रजीत होते. एका वृद्ध गृहस्थांनी वहीच्या पानावर लिहिलेली हरकत टेबलावर ठेवली आणि पोहोच मागितली. शिक्का नंतर मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले. तो मिळाला नाही. त्यांची हरकत अहवालात आली की नाही, हे मीही त्यांना कधी सांगू शकलो नाही, आणि ती गोष्ट आजही मनाला लागून राहिली आहे.

आता कोणी विचारेल, श्रीहरिकोटा कुठे आणि रत्नागिरी कुठे? पृथ्वीच्या फिरण्याचा लाभ घेण्यासाठी बरीच उड्डाणे पूर्वेकडे करावी लागतात. आपल्या किनाऱ्यावरून उडालेला अग्निबाण भरवस्तीवरून गेला असता, म्हणून उड्डाणतळ पूर्व किनाऱ्यावर आहे. पण वर गेलेली वस्तू खाली येताना किनारा पाहून येत नाही. २ एप्रिल २०२२ रोजी आपल्याच राज्यात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी आकाशातून धातूचे मोठे कडे पडले. ते चिनी अग्निबाणाचे असावे, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. पुढच्या वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागलेले एक भले मोठे नळकांडे आपल्या पीएसएलव्ही या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असण्याची दाट शक्यता तिथल्या अंतराळ संस्थेने जाहीर केली. समुद्र काय काय आणून टाकतो, हे हर्णै-देवगडच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

समजा, असा एखादा तुकडा उद्या एखाद्या ट्रॉलरच्या जाळ्यात अडकला आणि लाखाचे जाळे फाटले. तुकडा परदेशी असेल, तर १९७२ चा दायित्व करार लागू होतो. भूपृष्ठावर, म्हणजे समुद्रावरही, झालेल्या नुकसानीसाठी प्रक्षेपण करणारा देश चूक सिद्ध न होताही जबाबदार असतो. पण या कराराखालचा दावा जाळ्याच्या मालकाला स्वतः करता येत नाही. तो सरकारने राजनैतिक मार्गाने, आणि सर्वसाधारणपणे एका वर्षाच्या आत करायचा असतो. तो तुकडा भंगारात विकताही येत नाही, कारण खाली पडल्यावरही त्याची मालकी बदलत नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत उपग्रह कॅनडाच्या भूमीवर कोसळला, तेव्हा कॅनडाच्या सरकारने साठ लाख डॉलरहून अधिक मागितले आणि १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. तिथे सरकार मागे उभे होते.

तुकडा भारतीय कंपनीचा असेल, तर मात्र हा करार उपयोगाचा नाही. प्रक्षेपण करणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना त्याचा सातवा अनुच्छेद वगळतो. ऑस्ट्रेलियातल्या कोळ्याला भारताकडून जी हमी आहे, ती मालवणच्या कोळ्याला नाही. त्याच्यासाठी आपला स्वतःचा कायदाच हवा. २०१७ च्या मसुद्यात परवानाधारकाने सरकारवर येणाऱ्या दाव्यांची भरपाई सरकारला करून द्यावी, अशी तरतूद होती. ती सरकारला सांभाळते. दिल्लीच्या वायुगळती प्रकरणात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांसाठी संपूर्ण उत्तरदायित्वाचे, म्हणजे चूक सिद्ध न होताही भरपाई देण्याचे, तत्त्व सांगितले. तेच तत्त्व अंतराळ कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिले जावे आणि नुकसान सोसणाऱ्याला आपल्या जिल्ह्यातच दाद मागता यावी, असे माझे ठाम मत आहे.

कक्षेत उपग्रहाची दुरुस्ती करणे, त्यात इंधन भरणे, लघुग्रहावरून खनिजे आणणे, अशी नवी कामे आता समोर येत आहेत. अमेरिकेत उड्डाणाचा, रेडिओलहरींचा आणि पृथ्वीच्या छायाचित्रणाचा परवाना वेगवेगळ्या संस्था देतात. या नव्या कामांना परवानगी कोणी द्यायची, यावर तिथे अजून वाद चालू आहे. आपल्याकडे एकच खिडकी आहे ही सोय आहे, पण इन-स्पेसच्या पूर्ण नावात प्रोत्साहन आणि परवानगी हे दोन्ही शब्द आहेत. उद्योग वाढवणे ज्याचे काम, त्यानेच तो अडवायचा निर्णयही घ्यायचा, हे ओझे एका संस्थेवर टाकणे मला योग्य वाटत नाही. अशा ठिकाणी बाहेरून आलेल्या हरकतींना लेखी, कारणांसह उत्तर देणे कायद्याने बंधनकारक हवे.

म्हणून माझी आपल्या सर्व मच्छीमार सोसायट्यांना विनंती आहे. मसुदा पुन्हा येईल तेव्हाची वाट न पाहता या पावसाळ्यातच बसून मराठीत लिहा. जाळ्यात अनोळखी धातूची वस्तू आली तर फोन कोणाला करायचा, ती हाताळावी की नाही, बंदरात आणलेली वस्तू कोणाच्या ताब्यात द्यायची आणि वाया गेलेल्या फेरीचे डिझेल कोण भरून देणार, हे चार प्रश्न त्यात असू द्या. अर्जाच्या दोन प्रती काढा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.