नवा पत्त्यांचा डाव पारखताना

नमस्कार, श्रोतेहो. घरच्या घरी पत्त्यांचा नवा खेळ रचणाऱ्यांसाठी आज बोलायचंय.

पहिला कॅट सुबक करत बसू नका. अप्पा बळवंत चौकातून साधी कार्डशीट आणा. ६३ बाय ८८ मिलिमीटरची पानं कापली, तर एका ए-फोर कागदात ९ बसतात. पारदर्शक पाकिटात मागे जुना पत्ता घाला, पुढे पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. सगळ्या पानांची पाठ सारखी दिसते, आणि नियम बदलला की फक्त चिठ्ठी बदलायची. लॅमिनेशन अगदी शेवटी. पैसे घालून चकचकीत केलेलं पान चुकीचं निघालं तरी फेकवत नाही.

आता रिचर्ड गारफिल्डची गोष्ट ऐका. हा अमेरिकेतला गणितज्ञ. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा त्याचा खेळ १९९३ साली बाजारात आला. त्याआधी कच्चे कॅट त्याच्या मित्रमंडळींत फिरत होते. एक दिवस खेळणाऱ्यांपैकी एक जण येऊन म्हणाला, "माझ्याकडे असं पान आहे, की ते टाकलं की पुढच्या पाळीला मी हमखास जिंकतो." गारफिल्डनं डोकं खाजवलं. असं पान त्यानं केलंच नव्हतं! पान मागवून पाहिलं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'अपोनंट लूजेस नेक्स्ट टर्न'. लिहिणाऱ्याच्या मनात होतं, समोरच्याची पुढची पाळी हुकते. वाचणाऱ्यानं घेतलं, पुढच्या पाळीला समोरचा हरतो. दोघांचंही वाचन बरोबर! छापताना मजकूर बदलला: या पाळीनंतर आणखी एक पाळी घ्या. गारफिल्ड शेजारी बसून समजावत असता, तर हा घोळ कधीच उघडा पडला नसता.

म्हणून नियमांचा कागद द्या आणि गप्प बसा. पुन्हा सांगते, गप्प बसा. तुमच्या कागदावर 'एक पान टाका' असेल, तर कुणी ते खेळेल, कुणी रद्दीच्या गठ्ठ्यात सरकवेल. कोण कुठे अडलं, कुणी मोबाइल उचलला, निम्म्या डावातच निकाल कळला का, एवढं टिपून ठेवा.

मेंढीकोट, बदामसात पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले, कारण शिकवणारं माणूस शेजारी असायचं. आणि पत्ते म्हणजे जुगार, असं म्हणून मुलांच्या हातून ते काढून घेऊ नका हो! मेंढीकोट खेळणारं पोर गेलेले हुकूम मनात मोजायला शिकतं.

हां, तर दुरुस्ती. एका वेळी एकच गोष्ट बदला. एकच! दोन बदललीत, तर कशानं फरक पडला ते कळत नाही. डाव लांबत असेल, तर आधी जिंकण्याचे गुण कमी करा, पानांना नंतर हात लावा. पहिली उतारी करणारा सारखा जिंकत असेल, तर त्याला एक पान कमी वाटा. मग कॅट नीट पिसा, आणि हा खेळ कधीच न पाहिलेले चौघं बसवा.